मिल्तासचं थडगं

माझा नवरा मिल्तास वारला, त्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याचं थडगं उभं राहिलं होतं. ऐसारोस नदीकडे जाणाऱ्या वाटेवर, ऑलिव्हच्या बागेच्या कुंपणाला लागून. कमरेएवढा दगड, वर त्याचं नाव आणि खाली बापाचं. परगावचा माणूस वाटेत थांबायचा, नाव वाचायचा, हळहळायचा. आणि तो बिचारा मेलेला माणूस त्या वेळी बंदरावरच्या पडवीत कमरेला वाखाचे तंतू बांधून, उलटा चालत दोर वळत असायचा.

मी त्याला ओळखते ती तो असा मेल्यानंतरच. आधीचं सगळं त्याच्याकडून, थोडं थोडं, ओढून काढावं तसं ऐकलेलं.

त्याचा बाप आमच्या क्रोटोन गावच्या जहाजांना दोर पुरवायचा. शेजारी जहाजं बांधणाऱ्या सुताराचं घर. त्या सुताराचा मुलगा ख्रेमोन आणि हा, दोघं एका वयाचे. एकाच खडकावरून समुद्रात उड्या मारायचे, एकाच्या चुकीसाठी दोघं मार खायचे. ते मोठे झाले तेव्हा सामोस बेटावरून पायथागोरस आमच्या गावात येऊन राहिले होते आणि निम्मं गाव त्यांच्या नादी लागलं होतं. आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्या देहात जातो, म्हणून प्राण्याच्या गळ्यावर सुरी ठेवू नका, अशी त्यांची शिकवण. आणि जगात जे जे आहे ते सगळं आकड्यांवर उभं आहे, हेही. बंदरावरच्या लोकांना आत्म्याचं आवडायचं, मांसाचं पटायचं नाही, आणि आकड्यांचं कुणाला कळायचं नाही.

मिल्तासलाही कळलं नव्हतं. पण त्या मंडळींपैकी एकजण एकदा त्याच्या बापाकडे दोरी घ्यायला आला. त्याने बारीक दोरी फळीवर ताणून बांधली, छेडली, मग बरोबर मध्यावर बोट दाबून पुन्हा छेडली.

"तोच सूर होता, मिका," मिल्तास मला सांगायचा. "तोच, पण लहान झालेला. बापाचा आवाज पोराच्या गळ्यातून यावा तसा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दोर वळत आलो आणि दोरीत हे बसलेलं होतं, आम्हाला पत्ताच नाही!"

तो आणि ख्रेमोन बरोबरच त्या मंडळीत गेले. होतं नव्हतं ते तिथल्या सामाईक कोठीत टाकलं, पांढरी वस्त्रं नेसली. पहिली पाच वर्षं बोलायचं नाही, असा तिथला नियम. नवे लोक पडद्याच्या अलीकडे बसत, बोलणारे पलीकडे. चेहरे दिसत नसत, शब्द तेवढे येत. पाच वर्षं पार पडली की परीक्षा, आणि मग पडद्याच्या आत.

मिल्तासची आई रोज सकाळी वाटेवर उभी राहायची. मंडळी फिरायला निघत तेव्हा हा तिच्याकडे बघून मान हलवायचा. ती म्हणायची, "जेवलास का रे?" हा मान हलवायचा. "कुशीत दुखतं का अजून?" पुन्हा मान. एका हिवाळ्यात ती वाटेवर दिसेनाशी झाली. तेव्हा त्याला कळलं.

परीक्षेच्या दिवशी दोघांना वाळूत काढलेली आकृती दाखवली. एक चौकोन आणि त्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात छेदणारी रेघ. विचारलं, या रेघेबद्दल काय सांगता येईल? ख्रेमोन बोलला. बराच वेळ बोलला. पाच वर्षांनी तोंड उघडूनसुद्धा त्याचं बोलणं धरण फुटल्यासारखं आलं, आणि ऐकणारे ज्येष्ठ माना डोलवायला लागले. मिल्तास बघत राहिला. त्याला ती रेघ फार आवडली होती. तो म्हणाला, "सुंदर आहे."

"आणखी?"

"आणखी मला सांगता येत नाही."

ते लोक वाईट नव्हते, हे तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा. ज्येष्ठांनी त्याला जवळ बसवलं, म्हणाले, "बाबा रे, तू मनापासून ऐकतोस. पण ऐकून ऐकून तुला दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही." त्याने नेलं होतं त्याहून जास्त त्याच्या पदरात घालून त्यांनी त्याला दाराबाहेर पोचवलं. आणि आठवड्याभरात वाटेवर दगड उभा राहिला. जो मंडळीतून गेला तो मेला, असा त्यांचा रिवाज. रस्त्यात समोर आला तरी तो दुसराच कुणी, अनोळखी माणूस समजायचा.

पडदा ओलांडून ख्रेमोन आत गेला. दोघांचा निरोपसुद्धा झाला नाही.

मी तेव्हा बंदरावर शेगडी मांडून पावट्याचं कालवण आणि जवाच्या भाकऱ्या विकायचे. पहिला नवरा समुद्राने नेला होता, पोटापाण्याची ओढाताण होती, तोंड मात्र शाबूत होतं. मिल्तास बापाच्या बंद पडलेल्या पडवीत परत आला, तेव्हा खलाशांना खेळणंच सापडलं. "ए मढ्या, नांगराचा दोर आहे का?" "अरे हळू बोल, मेलेल्यांना ऐकू येत नाही!" बोलायची सवयच मोडली होती त्याची. शब्द शोधायला इतका वेळ लागायचा की समोरचा निघून जायचा.

एकदा तो माझ्या शेगडीशी येऊन उभा राहिला. मी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि हा दोन पावलं मागे सरला.

"काय झालं? मासा नाही त्यात. पावटे आहेत."

"पावटे," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "आम्ही खात नाही." त्या मंडळीत पावटे वर्ज्य होते.

"आम्ही म्हणजे कोण? तुला तर त्यांनी पुरलंय."

मागे बसलेले खलाशी खिदळले. त्याचा चेहरा असा झाला की माझं मलाच कसंतरी वाटलं. मी भाकरीवर चार ऑलिव्ह ठेवले आणि त्याच्या हातात दिली. म्हणाले, "घे. पैसे देऊ नकोस. मेलेल्याला नैवेद्य दाखवला समजेन."

तो हसला. पाच-सहा वर्षं हसायचं राहिलं होतं ते एकदम, खोकल्यासारखं. तिथेच माझं चुकलं, किंवा बरोबर आलं, काय म्हणायचं ते म्हणा.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्याने कपाळावर हात मारला. "अगं मिका, एक नवरा बुडाला, आता दुसरा पुरलेलाच आणतेस? निदान एखादा श्वास घेणारा तरी बघायचास."

"श्वास घेतो गं. मी बघितलंय."

"ते बघितलंस, आणि बाकी काय बघितलंस?"

त्याचे हात बघितले होते. दोराला पीळ देताना तो डोळे मिटायचा आणि बोटांनी ऐकायचा, ते.

घरात आल्यावर मी पावटे सोडले, मसूर शिजवायला लागले. गिऱ्हाईक कुरकुरलं, मग सरावलं. त्याच्या बाकीच्या सवयींना मात्र मी सरावले नाही. सकाळी जाग आली की तो उठायचा नाही. पडल्या पडल्या कालचा सगळा दिवस आठवायचा, कोण काय बोललं, आपण काय केलं, ओळीने. मी ओरडायचे, "अरे, वाख भिजून कुजायला आला, तुझा कालचा दिवस संपला का नाही?" मग तो उठायचा आणि अंथरुणावर पडलेला अंगाचा ठसा हाताने पुसून सपाट करायचा. तिथली शिकवण. मी चुलीकडून परत येऊन त्या जागेवर हात ठेवायचे, तर तिथे कुणी निजलं होतं याची खूणसुद्धा नसायची. ऊबही जायची लवकर. बाजूच्या घरांतल्या बायका नवऱ्यांच्या घोरण्याच्या तक्रारी करायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा.

कारण तो माझ्या घरात होता, पण निम्माच. उन्हं कलली की मंडळी नदीच्या वाटेने फिरायला निघत, दोघं दोघं, तिघं तिघं. नेमक्या त्याच वेळी मिल्तासला कुणाला तरी दोर पोचवायचा असायचा. खांद्यावर वेटोळं टाकून तो वाटेच्या कडेला उभा राहायचा. ख्रेमोन यायचा, त्याची नजर मिल्तासच्या अंगावरून अशी जायची, जशी आपली झाडावरून जाते. रागाने नाही. तुच्छतेने नाही. तुच्छतेने गेली असती तर मी देवाचे आभार मानले असते.

घरी येऊन तो मला सांगायचा, "आज पाय ओढत होता ख्रेमोन. डावा."

"मग?"

"काही नाही. ओढत होता."

दुसऱ्या वेळी, "केस पिकायला लागले त्याचे." आणखी एकदा, "कुणाशी तरी हसत होता." ती हसण्याची बातमी सांगताना याचाही चेहरा उजळला होता. मी मसूर ढवळत राहिले. माझे केस त्याच वर्षी पिकायला लागले होते.

एकदा मी त्याच्या मागून गेले. बघते तर हा स्वतःच्या थडग्यापाशी बसून गवत उपटतोय. दगड पाण्याने धुतलेला. माझ्या पोटात तेव्हा आन्थिस होती, चढ चढून मला धाप लागली होती, आणि त्यात हे दृश्य.

"मिल्तास, मी तुला रोज जेवायला वाढते," मी म्हणाले, "तुझ्याशी भांडते. तुझं मूल पोटात वागवते. मी काय मढ्याबरोबर संसार करते?"

तो उठला नाही. हातातलं गवत बघत म्हणाला, "गवत वाढलं तर नाव दिसत नाही. नाव दिसलं तर येता-जाता ख्रेमोनची नजर पडते. इथे पडते, मिका. माझ्यावर पडत नाही, पण इथे पडते. मी लांबून बघितलंय."

मी त्याच्या शेजारी बसले. काय करणार?

"असं काय होतं रे त्यांच्यात?" मी विचारलं. "तू तर कधी आतसुद्धा गेला नाहीस."

"आत नाही गेलो." "पण पडद्याबाहेर तो माझ्या शेजारी बसायचा. खांद्याला खांदा. पलीकडून सांगत, की ग्रह-तारे फिरताना त्यांचा सूर निघतो, आपल्याला ऐकू येत नाही, कारण जन्मल्यापासून तो थांबलेलाच नाही. मला त्यातलं काय कळलं? काही नाही. पण आम्ही दोघं एकच गोष्ट ऐकत होतो. त्याचा श्वास अडकायचा, तिथेच माझा अडकायचा. तसं कुणाबरोबर पुन्हा ऐकलं नाही मी."

"न थांबणारा आवाज ऐकू येत नाही, असं असेल तर मला माझ्या आत्याचा का येतो?"

तो हसला. मीही हसले. पण घरी येताना मी चार पावलं पुढे चालले, कारण डोळे भरून आले होते आणि त्याला दाखवायचे नव्हते.

आन्थिस झाली, मोठी होऊ लागली. तिच्यासाठी त्याने फळीवर दोरी ताणून दिली. ती मध्यावर बोट दाबायची, सूर बारीक व्हायचा आणि ती खदखदून हसायची. तिला ती जादू वाटायची. तो तिच्याकडे बघत बसायचा. त्या दिवसांत तो पूर्ण घरात असायचा, दोन-दोन, तीन-तीन दिवससुद्धा. मग उन्हं कलायची.

पुढे शेजारच्या सिबारिस नगराशी लढाई झाली. आम्ही जिंकलो, आणि जिंकलेल्या जमिनीवरून गावातच जुंपली. बंदरावरचे लोक म्हणायला लागले, जमीन वाटत का नाहीत? सगळा कारभार त्या पांढऱ्या कपडेवाल्यांच्या हातात, आपल्याला विचारतो कोण? पायथागोरस तोवर गाव सोडून गेले असं लोक बोलत. मागे राहिलेल्या मंडळींवर सगळा राग साचला.

दोर्कोन म्हणून एक होता, जहाजांच्या फटीत डांबर भरायचा. तापट, पण आमच्या अडीनडीला धावणारा. एका दुपारी तो आठ-दहा जणांना घेऊन पडवीत आला. हातात डांबराची भांडी.

"चल मिल्तास. ते सगळे आज एका घरात जमलेत. पहिली मशाल तुझ्या हातची. तुझ्याएवढा हक्क कुणालाच नाही."

"कसला हक्क?"

"अरे, जिवंत गाडलं तुला त्यांनी!"

मिल्तासने कमरेचा वाख सोडला. "दोर्कोन, मला कुणी काही केलेलं नाही. मला जमलं नाही, एवढंच."

"मूर्ख आहेस."

"तेच सांगतोय," मिल्तास म्हणाला.

ते गेले. थोड्या वेळाने गावाच्या वरच्या अंगाला धूर दिसला. मिल्तास नावेकडे पळाला. त्या नावेतून आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने कावलोनियाच्या बंदरावर दोर पोचवायचो. मी आन्थिसला आत्याच्या हवाली केलं आणि पाण्यात उतरून नावेत चढले.

"तू कशाला?"

"बायको बरोबर असली तर कुणी हटकत नाही. वल्हव."

नदीच्या मुखातून आत, ऑलिव्हच्या बागांपर्यंत गेलो. सुटलेली माणसं याच वाटेने येणार हे त्याला ठाऊक होतं. वाट रिकामी होती. मग वेतांच्या बेटात काहीतरी हललं. ख्रेमोन. वस्त्र एका बाजूने जळालेलं, दोन्ही तळहात सोललेले. मी हाक मारली, "या, दादा, लवकर!" तो माझ्याकडे बघून आला, नावेत चढला. आम्ही त्याच्यावर दोरांची वेटोळी रचली. बंदरासमोरून जाताना दोर्कोनच्या माणसांनी हात केला, मीही केला.

मोकळ्या समुद्रात आल्यावर मी दोर बाजूला सारले, त्याच्या हातांना तेल लावलं, पाणी पाजलं. तो माझ्याकडे वळून बसला. त्याच्या गुडघ्याला टेकेल इतक्या अंतरावर मिल्तास वल्हवत होता. घामाने निथळत होता. त्याची नजर ख्रेमोनवरून हलत नव्हती.

मला राहवेना. "दादा, नाव कोण वल्हवतंय ते बघितलंत का?"

ख्रेमोनने पाण्याकडे बघितलं. "ताई, नावेत तुम्ही आणि मी दोघंच आहोत."

माझा हात उठला होता. खरं सांगते, जळक्या हातांच्या माणसाला मी मारणार होते. मिल्तासने मान हलवली. नको. आणि मी बघितलं तर त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतंच. तो आवाज ऐकत होता. इतक्या वर्षांनी त्याने तो आवाज जवळून ऐकला होता.

मग ख्रेमोन बोलायला लागला. माझ्याशी.

"माझा एक मित्र होता, ताई. दोर वळणाऱ्याचा मुलगा. तो गेला."

वल्हं थांबलं.

"तो गेला तेव्हा मी आतल्या बाजूला पहिल्यांदाच बसलो होतो. मला चेहरे दिसत होते, आकृत्या दिसत होत्या, सगळं दिसत होतं. पण शेजारी कुणी नव्हतं. म्हणजे माणसं होती. कुणाचा श्वास माझ्याबरोबर अडकत नव्हता. आमच्यात मेलेल्यासाठी रडत नाहीत. मी नदीवर जाऊन तोंड धुवायचो, बराच वेळ धुवायचो. त्याच्या दगडाभोवती कधी गवत वाढलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही."

"आणि तो आत्ता समोर असता तर?" मी विचारलं.

"तर त्याच्याशी बोलून मी शपथ मोडली असती. म्हणून नाही तो समोर." त्याने डोळे मिटले. "त्याला भेटलात कधी, कुठल्या जन्मी, तर सांगा. चौकोनातल्या त्या रेघेबद्दल मी त्या दिवशी खूप बोललो. आज मला त्यातलं काही आठवत नाही. रेघ सुंदर होती, तेवढं आठवतं."

मिल्तासने वल्हं पाण्यात घातलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो वल्हवत होता. तो बोलू शकला असता. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. तो बोलला असता तर ख्रेमोनला उत्तर द्यावं लागलं असतं, किंवा न देण्याचं पाप डोक्यावर घ्यावं लागलं असतं. मिल्तासने त्याला दोन्हींतून सोडवलं.

कावलोनियाच्या वाळूवर ख्रेमोन उतरला. मी भाकरीचं गाठोडं त्याच्या काखेत दिलं. त्याने मला वाकून नमस्कार केला, आणि वाकलेला असतानाच थोडा जास्त वेळ तसाच राहिला. मग डावा पाय ओढत चालत गेला. नंतर तो तारास शहरात दिसला असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं समुद्रापार गेला. खरं काय ते कळलं नाही.

आम्ही क्रोटोनला परतलो. नदीच्या वाटेवर संध्याकाळी फिरणारं कुणी उरलं नव्हतं. मिल्तासने तिकडे जाणं सोडलं. मला वाटलं होतं, आता हा माणूस सबंध माझ्या वाट्याला येईल. तसं झालं नाही लगेच. उन्हं कलली की तो पडवीच्या तोंडाशी उभा राहायचा, कुठे जायचं ते विसरल्यासारखा. मी जाऊन नुसती शेजारी उभी राहायचे. हळूहळू तो बोलायला लागला. दोराबद्दल, आईबद्दल, खडकावरच्या उड्यांबद्दल. उशिरा का होईना, पण शब्द आता त्याला लवकर सापडायचे. एकदा वादळी वाऱ्यात ताणलेले दोर घुमत होते, तेव्हा त्याने माझा हात धरला.

"ऐक."

मी ऐकलं. "मला दोर कुरकुरताना ऐकू येतात."

"मलाही तेवढंच," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं तिथेच वाऱ्यात बसून राहिलो.

तीन हिवाळ्यांनी छातीत कफ धरला आणि तो गेला. फार त्रास झाला नाही. आन्थिस आता कावलोनियाला नांदते, तिचा नवरा दोरांचंच काम बघतो. मी पडवी विकली नाही. म्हातारी झाले, उलटं चालवत नाही, म्हणून वाख विंचरायचं काम तेवढं करते. सगळे म्हणतात लेकीकडे जा. जाईन. पण इथून समुद्रात जाणारी प्रत्येक नाव दिसते, आणि उन्हं कलली की मला अजून, उगाचच, दोन माणसांचा स्वयंपाक करावासा वाटतो.